सर्व्हरशी लेखी व्यवहार

1. माउस असताना टाइप कशाला?

संगणक थोडाफार वापरणारा जवळपास प्रत्येक माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. मोबाइलवर बोटाने सगळं होतं, ऑफिसातल्या संगणकावर माउसने होतं. मग बँकेचा, रेल्वेचा किंवा साखर कारखान्याचा सर्व्हर सांभाळणारी माणसं अजूनही काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करत का बसतात? ‘त्याने काम झटपट होतं’ हे नेहमीचं उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. एखादीच फाइल इकडून तिकडे न्यायची असेल तर माउसही तितकाच झटपट आहे. कमांड लाइनचं खरं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: तिथे दिलेली प्रत्येक आज्ञा लेखी असते. लेखी असल्यामुळे ती देण्याआधी वाचता येते, दिल्यानंतर तपासता येते, दुसऱ्याला जशीच्या तशी पाठवता येते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येते. सर्व्हर सांभाळणाऱ्याने कोणत्या युक्त्या आधी शिकाव्यात हेही यावरूनच ठरतं. टाइप करायची चार अक्षरं वाचवणाऱ्या युक्त्या मागे ठेवाव्यात आणि या लेखीपणाचा फायदा पदरात पाडणाऱ्या पुढे घ्याव्यात, असं माझं मत आहे. या प्रकरणात त्याच मताची छाननी करायची आहे.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक जागा डोळ्यांसमोर धरू. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यात दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत: सहजानंदनगरचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना आणि गौतमनगर-कोळपेवाडीचा कर्मवीर शंकरराव काळे कारखाना. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत साखर कारखान्याचा काटा रात्रंदिवस चालू राहतो. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक रांगेने येतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचं नाव, गट, वाहन यांची नोंद होते आणि त्या नोंदीवरच पुढे उसाचं बिल निघतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यामुळे एखादी नोंद गहाळ झाली किंवा दोनदा पडली, तर सावकाश शोधू म्हणायची सोय नसते. आता याच भागातला एक कारखाना मनाने उभा करू (वरच्या दोहोंपैकी कोणताही नव्हे), त्याला तीन काटे देऊ आणि तिन्ही काट्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर जमा होतात असं धरू.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा देण्यासाठी सतत चालू ठेवलेला संगणक. त्याला बहुधा स्वतःचा पडदा आणि कीबोर्डही जोडलेला नसतो. त्यावर बहुतेक वेळा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तिची सुरुवात केली, आणि तिचं वळण बेल लॅब्जमध्ये 1969 साली जन्मलेल्या युनिक्सचं आहे. आपण टाइप केलेली ओळ वाचून ते काम करवून घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्या जशा बोलल्या जातात तशा दिल्या आहेत.

2. चित्र नेण्याचा खर्च, मजकूर नेण्याचा खर्च

जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर 24 ओळी मावत आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरं. म्हणजे सगळा पडदा भरून 1,920 अक्षरं. उलट 1,920 आडवे आणि 1,080 उभे ठिपके असलेलं एक रंगीत चित्र घेतलं, तर ठिपक्याला तीन बाइट धरून ते 62 लाख 20 हजार 800 बाइटचं होतं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, तो सांभाळणारा कोपरगावात, आणि रस्त्याच्या कामात फायबर तुटल्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलेला, असं असेल तर हा फरक जाणवतोच. मात्र या मुद्द्यावर फार भर देऊ नये. चित्रं दाबून लहान करता येतात, फक्त बदललेला भाग पाठवता येतो, आणि इंटरनेटही आता बरंच सुधारलं आहे. खर्चाचं कारण खरं असलं तरी दुय्यम आहे.

दूरच्या सर्व्हरवर जाण्यासाठी एसएसएच वापरतात. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी 1995 मध्ये ते तयार केलं, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेतले होते. एसएसएचमध्ये दोन टोकांमधला सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. पण जोडणीच तुटली तर? तिकडे चालू असलेलं काम बहुधा अर्ध्यावर थांबतं, कारण शेल बंद होताना आपल्याबरोबर ते कामही बंद करतो. म्हणून लांबलचक काम सुरू करण्याआधी सर्व्हरवर टीमक्स चालू करावं. टीमक्सच्या आत सुरू केलेलं काम आपली जोडणी तुटली तरी चालत राहतं, आणि पुन्हा आल्यावर ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की पडदा होता तसा समोर येतो. नवशिक्याला सर्वांत आधी एकच सवय लावायची झाली तर मी हीच लावेन.

कमांड लाइन ही जुन्या लोकांची सवय आहे, नवीन माणसं ती सोडतील, असा आक्षेप घेतला जातो. घटना उलट दिशेने गेल्या आहेत. खिडक्या आणि चित्रं घरोघरी पोहोचवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच 2006 मध्ये पॉवरशेल आणलं आणि विंडोज सर्व्हर 2008 पासून नेहमीच्या खिडक्या-चित्रांशिवाय चालणारा ‘सर्व्हर कोअर’ हा पर्याय दिला. जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर 2017 मध्ये त्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालणारा होता. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा नोव्हेंबर 2020 च्या यादीत 63 वा होता. अशा यंत्रांवर संशोधक दुरून एसएसएचने येतात आणि आपलं काम लेखी आज्ञांच्या फाइलीत लिहून रांगेत लावतात.

3. एकाचं काम दुसऱ्याच्या हाती

युनिक्समध्ये 1973 साली एक लहानशी सोय आली: एका आज्ञेचं उत्तर पडद्यावर न दाखवता थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती द्यायचं. कल्पना डग मॅक्इलरॉय यांची, प्रत्यक्ष काम केन थॉम्पसन यांचं. या जोडणीला पाइप म्हणतात आणि ती एका उभ्या रेघेने लिहितात. साखर कारखान्यात गव्हाणीतून आलेला ऊस मिल चिरडते, रस शुद्धीकरणाकडे जातो, तिथून बाष्पीभवनाला, मग पॅनमध्ये, शेवटी सेंट्रिफ्युगलमध्ये. प्रत्येक टप्पा एकच काम करतो आणि पुढच्याच्या हवाली करतो. पाइपने जोडलेल्या आज्ञा तशाच चालतात.

आपल्या कारखान्यात समजा तक्रार आली की काही गाड्यांच्या नोंदी अर्धवट राहतात: भरलेलं वजन पडतं, रिकामं पडत नाही. दोष कोणत्या काट्यावर आहे? सर्व्हर प्रत्येक घटना एका मजकुराच्या फाइलीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहीत असतो. त्यात पहिला रकाना वेळेचा, दुसरा काट्याचा, तिसरा ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ असा आहे, आणि रकाने टॅबने वेगळे केलेले आहेत असं धरू. मग आज्ञा अशी होते:

ग्रेप अपूर्ण काटा.लॉग | कट -एफ2 | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

डावीकडून एकेक टप्पा पाहू. ग्रेप ज्या ओळींत ‘अपूर्ण’ आहे तेवढ्याच पुढे सोडतो. कट त्यातला फक्त दुसरा रकाना उचलतो. समजा सहा ओळी उरल्या: काटा-2, काटा-1, काटा-2, काटा-3, काटा-2, काटा-1. युनिक एकसारख्या ओळी एकत्र करतो आणि ‘-सी’ लावल्यामुळे त्यांची संख्या सांगतो. पण तो फक्त लागून असलेल्या ओळींची तुलना करतो. वरच्या क्रमात लगतच्या कोणत्याही दोन ओळी सारख्या नाहीत, म्हणून सॉर्ट न करता युनिक चालवला तर सहाही ओळी ‘1’ अशाच मोजल्या जातील आणि उत्तर चुकलंय हे कळणारही नाही. आधी सॉर्ट केलं की काटा-1 दोनदा, काटा-2 तीनदा, काटा-3 एकदा असं बरोबर उत्तर येतं. शेवटचा सॉर्ट मोठी संख्या वर आणतो. त्यातला ‘एन’ विसरला तर 10 हा आकडा 9 पेक्षा लहान ठरू शकतो, कारण तेव्हा आकड्यांची तुलना अक्षरांसारखी होते आणि 1 हे अक्षर 9 च्या आधी येतं. शोध आता काटा-2 वर आला.

‘हे तर एक्सेलमध्येही होतं,’ असं कोणी म्हणेल. सहा ओळींचं होतं, सहा हजारांचंही होतं. पण एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि वाहत्या हंगामात लॉग तेवढा वाढणं अशक्य नाही. त्याहून मोठा फरक उत्तर कसं मिळालं यात आहे. एक्सेलमध्ये कोणी कोणती गाळणी लावली, कोणता रकाना चुकून लपवला, हे नंतर पाहणाऱ्याला शोधून काढावं लागतं. वरची ओळ मात्र जशी आहे तशी शेतकी विभागाला, हिशेबनिसाला किंवा लेखापरीक्षकाला देता येते. ज्याला शंका असेल त्याने पाइपच्या पहिल्या रेघेपर्यंतचाच भाग चालवून पाहावा, मग दुसऱ्या रेघेपर्यंतचा. टप्प्याटप्प्याने उत्तर कसं बनतंय ते समोर दिसतं.

4. आधी बघा, मग हात लावा

टाइप करणं धोक्याचं आहे, हा कमांड लाइनवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. फाइल काढून टाकणाऱ्या आरएम या आज्ञेला रिसायकल बिन नाही. ‘आरएम *.लॉग’ म्हणजे लॉगने संपणाऱ्या सगळ्या फाइली पुसा. चांदणीनंतर चुकून एक मोकळी जागा पडली तर अर्थ होतो: इथल्या सगळ्याच फाइली पुसा, आणि शिवाय ‘.लॉग’ नावाचीही. चांदणीच्या जागी फाइलींची नावं भरण्याचं काम शेल आधीच उरकतो; आरएमला फक्त तयार यादी मिळते, त्यामुळे तो शंका घेऊ शकत नाही.

याला उपाय आहे, आणि तो लेखीपणातूनच निघतो. पुसण्याआधी तीच ओळ आरएमऐवजी एलएस लिहून चालवायची. एलएस फक्त यादी दाखवतो. यादी डोळ्यांखालून घालायची, मग वरच्या बाणाने तीच ओळ परत आणून पहिला शब्द तेवढा बदलायचा. फाइलींच्या प्रती दुसरीकडे नेणाऱ्या आरसिंकला ‘-एन’ लावलं की तो काहीही न बदलता काय काय बदलेल ते सांगतो. एसएसएचच्या सेटिंगमध्ये हात घातला असेल तर सेवा पुन्हा चालू करण्याआधी ‘एसएसएचडी -टी’ने ती फाइल तपासून घ्यावी, आणि नवी जोडणी जुळल्याची खात्री होईपर्यंत जुनी खिडकी बंद करू नये, नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकायची पाळी येते. माउसच्या एका टिचकीपूर्वी अशी रंगीत तालीम करायची सोय क्वचितच मिळते.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीत काय घडलं ते कंपनीनेच जगासमोर सविस्तर मांडलं, आणि या विषयात त्याइतका उपयोगी दाखला दुसरा नाही. थकलेल्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर रिकामा करायचा होता. आज्ञा बरोबर होती, पण खिडकी मुख्य सर्व्हरची होती. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले होते. या प्रसंगात आज्ञेचं स्पेलिंग चुकलं नव्हतं, जागा चुकली होती. म्हणून नंतर त्यांनी ठरवलेल्या सुधारणांत एक अगदी साधी होती: आज्ञा टाइप करायच्या जागेआधी जो मजकूर दिसतो त्यात कोणत्या सर्व्हरवर आहोत हे ठळक वेगळं दिसलं पाहिजे. हे कोणालाही पाच मिनिटांत करता येतं. चालत्या कामाच्या सर्व्हरवर तो मजकूर लाल, चाचणीच्या सर्व्हरवर हिरवा. आणि विनाशकारी आज्ञेआधी ‘होस्टनेम’ टाइप करून उत्तर वाचायचं.

त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या एस3 या साठवण सेवेत एका आज्ञेतली एक माहिती चुकीची टाइप झाली आणि थोडेच सर्व्हर काढायचे असताना बरेच निघाले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास कोलमडल्या. ॲमेझॉनने त्यानंतर टाइप करणं बंद केलं नाही. सर्व्हर हळूहळूच काढले जातील आणि ठरावीक मर्यादेखाली संख्या जाऊच शकणार नाही, अशी बंधनं त्या साधनात घातली. आज्ञा लेखी होती म्हणून नेमकी चूक कुठे झाली ते सापडलं, आणि सापडली म्हणून तिथेच अडसर घालता आला.

5. पुसली तरी जागा सुटत नाही

काट्याचा प्रोग्राम अचानक नोंदी घेईनासा झाला की पहिला संशय डिस्क भरल्याचा घ्यावा. ‘डीएफ -एच’ कोणती डिस्क किती भरली ते सांगतो, आणि ‘डीयू -एसएच’ कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते. आता समजा एक अजस्र लॉग सापडला, तो आरएमने पुसला, आणि तरी डीएफ डिस्क भरलेलीच दाखवतो. लिनक्समध्ये नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएम फक्त नाव खोडतो. ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवली आहे तो निनावी फाइलीत लिहीतच राहतो, आणि तो ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. अशा फाइली ‘एलएसओएफ +एल1’ने सापडतात. उपाय म्हणजे तो प्रोग्राम पुन्हा सुरू करणं. त्याहून बरं म्हणजे मुळात फाइल न पुसता ‘ट्रंकेट’ने आतून रिकामी करणं.

6. साडेपाच तास

भाड्याने घेतलेल्या बऱ्याच सर्व्हरांचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर लावलेलं असतं आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपल्या काट्यावर 15 जानेवारीला पहाटे 2:10 वाजता आलेली गाडी लॉगमध्ये 14 जानेवारी, 20:40 अशी दिसेल. मग ‘15 जानेवारी’ शोधून कोणी त्या दिवसाच्या गाड्या मोजल्या, तर मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतच्या सगळ्या गाड्या सुटतील आणि 16 तारखेच्या पहाटेच्या तेवढ्याच वेळातल्या आत येतील. बेरीज जवळपास जमते, म्हणून चूक उठून दिसत नाही. रात्रभर चालणाऱ्या काट्यावर यातून स्लिपबॉयने लिहिलेल्या पावत्या आणि सर्व्हरची यादी यांचा मेळ बसेनासा होतो, आणि दोष मात्र पावती लिहिणाऱ्याच्या माथी येतो. मध्यरात्रीच्या कामांचंही तेच: क्रॉन या वेळापत्रकात 12 वाजता लावलेला बॅकअप आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो.

‘टाइमडेटसीटीएल’ एवढंच टाइप केलं की सर्व्हर कोणत्या वेळेवर आहे ते कळतं. जाणकारांचा एक मोठा गट सर्व्हर यूटीसीवरच ठेवा म्हणतो, आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे आणि नंतर मागे करतात तिथे ते योग्यच आहे; तिथे वर्षातून एकदा तोच तास दोनदा येतो. भारतात एकच वेळ आहे आणि ती कधी सरकत नाही. ज्या सर्व्हरच्या नोंदी इथलेच लोक वाचणार आहेत तो भारतीय वेळेवर ठेवायला माझी हरकत नाही. मात्र निम्मी यंत्रं एका वेळेवर आणि निम्मी दुसऱ्यावर, असं होऊ देऊ नये.

7. वीस बाइटचा बॅकअप

गिटलॅबच्या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक बोलका वाटतो. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक तऱ्हा होत्या. गरज पडली तेव्हा एकही धड उपयोगी पडली नाही. डेटाबेसची रोजची प्रत घेणारी आज्ञा वेगळ्या आवृत्तीची होती म्हणून निमूटपणे फसत होती, आणि फसल्याची कळवणारी ईमेलं वाटेतच नाकारली जात होती. शेवटी सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीने निभावलं, पण मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या.

हे निमूटपणे फसणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समधली प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा ठेवून जाते: 0 म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे बिघडलं. ‘इको $?’ टाइप केलं की आधीच्या आज्ञेचा आकडा दिसतो. आता नेहमीचा बॅकअप असा लिहितात: डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा, मग पाइप, मग ती दाबून लहान करणारा जीझिप. पाइपने जोडलेल्या ओळीचा निकाल म्हणून शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा आकडा धरतो. पासवर्ड बदलल्यामुळे पहिली आज्ञा फसली तरी जीझिपला काही तक्रार नसते. त्याला शून्य बाइट मिळाले, ते त्याने नीट दाबले, 0 दिला. रोज तारीखवार फाइल तयार होते, यादी भरलेली दिसते. फक्त प्रत्येक फाइल 20 बाइटची असते, कारण काहीच न दाबलेल्या जीझिपच्या फाइलीचं माप तेवढंच असतं. आज्ञांच्या फाइलीच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ ही एक ओळ लिहिली की मधली कोणतीही आज्ञा फसल्यास सगळी ओळ फसली असं धरलं जातं. त्याखेरीज तयार फाइलीचं माप कालच्या मापाशी ताडून पाहावं, आणि महिन्यातून एकदा ती वेगळ्या यंत्रावर उघडून एखाद्या गटाची बेरीज प्रत्यक्ष जुळवावी. परत आणून न पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणणार नाही.

8. मराठी नावं शोधताना

कमांड लाइन इंग्रजीवाल्यांची आहे, असा समज मराठी विद्यार्थ्यांमध्ये खोलवर रुजलेला दिसतो. आज्ञांचे शब्द इंग्रजीवरून आले हे खरं, पण ते मोजके आहेत आणि भाषा न येताही पाठ होतात. डेटा मात्र आपल्याकडे मराठी आहे, आणि त्याची तऱ्हा माहीत नसली तर इंग्रजी कितीही येऊन उपयोग नाही. ‘कोपरगाव’ हा शब्द घ्या. आपल्याला पाच अक्षरं दिसतात. अक्षरचिन्हांना क्रमांक देणारं युनिकोड त्यात सात चिन्हं मोजतं, कारण ओकार आणि काना वेगळे धरले जातात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये रचलेल्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे 21 बाइट. ‘डब्ल्यूसी -सी’ 21 सांगतो, ‘डब्ल्यूसी -एम’ 7 सांगतो. म्हणून नावासाठी 20 बाइटची जागा ठेवणारा जुना प्रोग्राम ‘कोपरगाव’ पूर्ण ठेवूच शकत नाही. शेवटच्या अक्षराचा तुकडा पडून तिथे चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसतं.

शोधताना आणखी एक अडचण येते. ‘ॲड.’ मधला ॲ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांतला तो आडवा र देखील दोन तऱ्हांनी साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला मात्र ती वेगळी नावं वाटतात. एका कीबोर्डवरून भरलेला सभासद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की सापडत नाही, मग त्याची नवी नोंद होते, आणि एका शेतकऱ्याचा ऊस दोन खात्यांत विभागला जातो. संशय आला की ते नाव पाइपने ‘एक्सएक्सडी’कडे द्यावं. तो प्रत्येक बाइट आकड्यांत मांडतो आणि दोन नावांतला फरक कुठे आहे ते नेमकं दाखवतो. यावर कायमचा उपाय म्हणजे नोंद घेतानाच सगळी नावं एका ठरलेल्या रूपात आणणं. क्रम लावतानाही असंच लक्ष ठेवावं लागतं: शेलची भाषा मराठी लावली नसेल तर सॉर्ट चिन्हांच्या क्रमांकाने चालतो आणि ‘ळ’ला ‘ह’च्या पुढे न ठेवता ‘ल’च्या शेजारी बसवतो.

9. आज्ञा चॅटबॉट लिहून देतो, मग?

हा आजचा आक्षेप आहे आणि कोपरगावच्या संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसमोर तो रोज उभा असणार. काय हवंय ते मराठीत लिहिलं की चॅटबॉट आज्ञा तयार करून देतो. मग हे सगळं शिकण्यात वेळ का घालवावा? चॅटबॉटने लिहून द्यायला माझी हरकत नाही. तो मजकूर लिहितो, म्हणजे लेखी व्यवहार चालूच राहतो, उलट वाढतो. पण तो मजकूर वाचून सही करायची जबाबदारी सर्व्हरच्या माणसावरच राहते, आणि वाचता आल्याशिवाय सही करता येत नाही.

एकच ओळ बघा. आपल्या कारखान्याच्या सर्व्हरवर 90 दिवसांहून जुने लॉग काढून टाकायचे आहेत. त्यासाठी फाइंड ही आज्ञा आहे: कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचं, नाव कसं हवं, किती दिवस जुनं हवं आणि शेवटी ‘-डिलीट’. फाइंड या अटी डावीकडून उजवीकडे एकेक करून तपासतो. ‘-डिलीट’ शेवटी असेल तर आधीच्या अटी पार केलेल्या फाइलीच पुसल्या जातात. तोच शब्द नावाच्या अटीआधी आला, तर प्रत्येक फाइल आधी पुसली जाते आणि नाव त्यानंतर तपासलं जातं. दोन्ही ओळींत शब्द तेच, संख्या तीच, आणि दोन्ही बिनतक्रार चालतात. म्हणून ओळ कोणीही लिहून दिलेली असो, ‘-डिलीट’ खोडून त्याच जागी ‘-प्रिंट’ लिहावं आणि ती चालवावी. येणारी यादी पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’मध्ये पाइप करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. त्यात या हंगामाची एखादी नोंदवही किंवा लॉग नसलेली फाइल दिसली तर तिथेच थांबावं आणि ‘मॅन फाइंड’ टाइप करून त्या अटीबद्दल काय लिहिलंय ते पाहावं. यादी बरोबर असेल तर ती एका फाइलीत तारखेनिशी जपून ठेवावी, आणि मगच ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ परत लिहावं.